आपलं झालं तरी उठाचं नाई

जय भीम. सलाम. राम राम. जे जे कोणी इथी आले, त्या सगळ्याइले.

माइकचा आवाज फाटला तं सांभाळून घ्या. मले बोलता येत नाई असं नाई, दुकानदार माणूस आहो, दिवसभर बोलतो. पण आज समोर हा फोटो आहे, फोटोसमोर मेणबत्ती आहे, अन् ज्या बाईचा फोटो आहे तिच्याबद्दल चांगलं बोलाची मले सवय नाई.

ज्याइले मी माहीत नाई त्याइच्यासाठी सांगतो. मी याकूब. बसस्टँडवरून कॉलेजकडे रस्ता जाते, तिथी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काल प्रमिलाबाईचे भाऊ, आपले दिलीपभाऊ, दुकानात आले अन् म्हणाले, उद्या विहारात बहिणीचा जलदान विधी आहे, त्याच्या मागून शोकसभा आहे, तुमाले बोलाचं आहे. मी म्हणलं, भाऊ, मी काऊन? तिथी प्राध्यापक लोक येतीन, नगराध्यक्षबाई येतीन, माझ्याहून चांगलं बोलणारे ढीगभर आहेत. तं दिलीपभाऊ म्हणाले, माझ्या बहिणीबद्दल या धानोऱ्यात सगळ्यात जास्त तुम्हीच बोलले. आता एक वेळ तिच्या फोटोसमोर बोला.

हसा. हसलेलं बरं. मलेबी हसू आलं होतं अन् मंग लाज वाटली.

भाऊ हो, बाई हो, मी तिचा दुश्मन नव्हतो. दुश्मनी कराले हिंमत लागते, तेवढी माझ्यात नाई. मी जळत होतो. साधं, रोजचं जळणं. सकाळी शटर वर केलं की सुरू, संध्याकाळी शटर पाडलं की घरी घेऊन जाये. आजबी जळून राह्यलो. ही गर्दी पा. पार रस्त्यापर्यंत माणसं उभी आहेत. काल मी बायकोले विचारलं, मी मेलो तं इतके लोक येतीन का? ती म्हणाली, जेवण ठेवलं तं येतीन.

तं गोठ अशी आहे. रस्त्याच्या एका बाजूले माझं दुकान, समोर प्रमिलाबाईचं. धंदा दोघाइचा एकच. झेरॉक्स, फोटो, अन् कॉलेजच्या पोराइचे सरकारी स्कॉलरशिपचे अर्ज ऑनलाईन भरून देणं. पहिले मी होतो, हे ध्यानात ठेवा. ती मागून आली, बचत गटाच्या कर्जावर एक जुना कॉम्प्युटर घेऊन. माझ्याकडे दोन कॉम्प्युटर. रंगीत प्रिंटर. कूलर. थंड पाण्याची कॅन. बसाले खुर्च्या. तिच्याकडे काय? एक लाकडी बाक, तोबी एका पायानं हाले. त्या पायाखाली तिनं छपरावरच्या कवेलूचा तुकडा लावला होता.

अन् रांग कोणाकडे? तिच्याकडे. उन्हात उभे राहत पोरं, पण तिच्याकडेच. माझा कूलर रिकाम्या खुर्च्याइले हवा घाले.

आता हे अर्ज म्हणजे काय, ते आपल्या लोकाइले सांगाले नको. पण चिमूरकडून, नागपूरकडून पाहुणे आले आहेत म्हणून सांगतो. आपल्या जंगलातलं पोरगं बारावी झालं अन् त्याले कॉलेज कराचं असन, तं फी सरकार भरते, राहाले-खायाले थोडा हातभार लावते. पण कोणाले? ज्याचा अर्ज वेळेत गेला अन् बिनचूक गेला, त्याले. उत्पन्नाचा दाखला पाहिजे, जातीचा पाहिजे, टीसी पाहिजे, आधारले बँकेचं खातं जोडलेलं पाहिजे. अन् सगळं असलं तं ओटीपी येते बापाच्या मोबाईलवर. बाप कुठी? तेलंगणात, मिरची तोडाले. मोबाईल त्याच्या खिशात, अन् खिशात रेंज नाई. अर्ज राह्यला तं वर्ष गेलं. वर्ष गेलं तं पुढच्या मोसमात पोरगंबी बापासंग मिरचीवर जाते, अन् पोरगी असन तं तिच्यासाठी पाहुणे पाहाले येते. इतकं सगळं त्या एका अर्जावर आहे.

मी अर्ज झपाट्यानं भरत होतो. कागदं द्या, बाजूले बसा, झालं, घ्या पावती, चला पुढचा. माझ्या हाताचा वेग पाहून पोरं तोंडात बोट घालत. बाईकडे? बाई कीबोर्डले हातच लावे ना. ती पोरालेच खुर्चीत बसवे अन् म्हणे, टाईप कर. ते बिचारं एका बोटानं अक्षर शोधून राह्यलं आहे, ‘ल’ कुठी गेला म्हणून, अन् मागं रांग उभी आहे. मी इकडून पाहू पाहू वैतागून जाऊ.

अन् त्याच्यावर तिचा तो नियम. इथी बसलेल्या अर्ध्या लोकाइनं तो पाळला आहे. आपला अर्ज भरून झाला तरी उठाचं नाई. बाकावर सरकाचं, अन् पुढचा खुर्चीत बसला की त्याचं होईपर्यंत त्याच्या बाजूले बसून राहाचं. तो चुकला तं सांगाचं. त्याचं झालं की मंग तुमची सुट्टी, अन् त्याच्या पुढच्याजवळ तो बसन.

हा नियम निघाला कसा, तेबी मी डोळ्यानं पाह्यलं. एका पोरीचा अर्ज झाला होता अन् ती निघाली होती, तेवढ्यात विजेची लाईन गेली. पुढची पोरगी रडाले लागली, आज शेवटची तारीख आहे म्हणून. मंग पहिली तिच्याजवळ बसली. लाईन येईपर्यंत तिनं तिचे सगळे कागद पाहून घेतले, तं एका दाखल्यावर सहीच नव्हती. दुसरी धावत तहसीलमध्ये गेली, सही घेऊन आली, लाईन आली, अर्ज गेला. त्या दिवसापासून बाईनं ते धरून ठेवलं. हे मी इकडून, माझ्या काउंटरवरून पाह्यलं, अन् मनात म्हणलं, हे फालतू आहे, हे चालणार नाई.

चाललं. का सांगू, असं चाललं की माझी झोप उडाली.

माझ्या दुकानात माणूस काम झालं की निघून जाये. पैसे देल्ले, कागद घेतला, गेला. पाठ दिसे त्याची. तिच्या दुकानातून कोणी जायेच ना. बाकावर सरकू सरकू पोरं बसलेले. मुरूमगावकडचा पोरगा अन् पेंढरीकडची पोरगी, एक गोंडी बोलणारा, एक आपल्यासारखं बोलणारी, एकमेकाच्या आधार कार्डावरचे फोटो पाहून हसून राह्यले. चहा मागवून राह्यले. अन् चहा कोणाच्या टपरीवरून? माझ्या सख्ख्या साळ्याच्या. तोबी तिच्याच दुकानात जास्त बसे.

खरं सांगतो, मले पैशाचं नव्हतं. माझं बरं चालते, लग्नाच्या पत्रिका आहेत, फोटो आहेत. मले एकच पाहिजे होतं. काम झाल्यावर एक तरी माणूस माझ्या दुकानात थांबावा. काही काम नसताना. नुसता. तेवढंच पाहिजे होतं मले, अन् तेच माझ्याकडे नव्हतं, अन् तिच्याकडे ते रस्त्यावर सांडून राह्यलं होतं.

मंग मी काय केलं? बाक बनवला. सागाचा. पॉलिश केलेला. अन् एका पोराले म्हणलं, बाबू, तुझं झालं, आता पुढच्याजवळ बस थोडा. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, काका, बस जाईल माझी. अन् निघाला. कुठी गेला? समोर. बाईच्या बाकावर त्याचा दोस्त होता, त्याच्याजवळ जाऊन बसला. त्याची बस गेली, मी पाह्यलं. माझ्या सागाच्या बाकावर पोरं आपल्या बॅगा ठेवत अन् बसाले तिकडं जात.

मंग मी लोकाइले सांगत फिरलो. बाईमुळं पोरीइची शेवटची बस जाते. बाई पोराइचा टाइम खाते. बाईले टायपिंग येत नाई म्हणून पोराइकडून करून घेते. हे शेवटचं खोटं होतं, तिले मस्त येत होतं.

आता माझ्या पोरीचं सांगतो. नाझनीन. ती तिथी पहिल्या रांगेत बसली आहे, पा, खाली पाहून राह्यली. पा बेटा, वर पा, काही नाई म्हणत तुले.

नाझनीन बारावी पास झाली अन् तिले चंद्रपूरले कॉलेज भेटलं. आमच्यावाल्या वर्गाचीबी स्कॉलरशिप आहे. मी म्हणलं, चला, अर्ज आपल्या घरचाच आहे, बसल्याबसल्या भरून टाकू. तिनं हाव म्हणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काउंटरवरून समोर पाह्यलं तं बाईच्या खुर्चीत निळी ओढणी. ती ओढणी मीच ईदले आणली होती. माझी पोरगी. माझ्या कॉम्प्युटरवर अक्षर ओळखू लागलेली पोरगी. समोर बसून आपला अर्ज भरून राह्यली, अन् बाजूले कोणी तरी जंगलातली दोन वेण्यावाली पोरगी तिले बोट दाखवून सांगून राह्यली. माझ्या पोरीले टायपिंग शिकवून राह्यली ती.

मी त्या दिवशी जेवलो नाई. शटर लवकर पाडलं. घरी तिले विचारलं, काऊन गेली? मी मेलो होतो का? ती काही रडली-बिडली नाई. म्हणाली, अब्बा, मले चंद्रपूरमध्ये कोणीच ओळखत नाई. बाईच्या बाकावर चंद्रपूरले जाणारी कोणी तरी भेटन म्हणून गेली होती.

अन् भेटली. तीच दोन वेण्यावाली, सुनीता. आज दोघी एका खोलीत राहते चंद्रपूरले. सुनीताची माय मोहाचे लाडू पाठवते अन् माझी पोरगी ते मले देत नाई. आता सांगा, याच्यावर बाप काय बोलन? मले बाईचा राग आला, अन् पोरगी एकटी नाई म्हणून बरंबी वाटलं, अन् ते बरं बाईमुळं वाटलं म्हणून पुन्हा राग आला. असं चाललं होतं माझं.

आता यंदाचं ऐका. कॉलेजं सुरू झाले होते. दुपारची वेळ, माझ्या दुकानात कोणी नाई. अन् प्रमिलाबाई रस्ता ओलांडून आली. इतक्या वर्षात पहिल्यांदा. मले वाटलं, झालं, आता ही भांडाले आली, कोणी तरी माझं बोलणं तिच्या कानावर घातलं. हातात प्लास्टिकची फाईल होती. खुर्ची ओढून बसली अन् म्हणाली, याकूबभाऊ, माझा अर्ज भराचा आहे.

मी म्हणलं, कसला अर्ज? तं म्हणे, बीएले नाव टाकलं, पहिल्या वर्षाले. इथल्याच कॉलेजात. इतक्या पोराइले पाठवलं, आता मी जाऊन पाहातो म्हणे, आतून कसं दिसते. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं होतं, ते मले माहीत होतं. ज्या पोराइचे अर्ज ती भरून घेई, त्याइच्याच वर्गात जाऊन बसणार होती ही बाई. तिची कागदं पाह्यली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. सगळं ओळीनं लावलेलं.

मी म्हणलं, बाई, कॉम्प्युटर तं तुमच्याकडेबी आहे.

ती म्हणाली, "आहे. बाजूले बसाले माणूस नाई."

मी म्हणलं, थट्टा करता का? इतके पोरं आहेत.

ती म्हणाली, "पोरं मले चुकली म्हणणार नाई, भाऊ. तुम्ही म्हणसान. पहिल्यापासून माझ्या चुकाच पाहून राह्यले ना तुम्ही."

तिले सगळं माहीत होतं. मी कुठी काय बोललो, सगळं. अन् रागानं नाई बोलली. जसं उत्पन्नाचा दाखला कुठी भेटते ते सांगाचं, तसं बोलली.

बसलो मंग तिच्या बाजूले. माझ्याच दुकानात, माझ्याच सागाच्या बाकावर, मी पहिल्यांदा बसलो. ती टाईप करून राह्यली, मी पाहून राह्यलो, कुठी चुकते म्हणून. अन् चुकली. जिल्हा विचारला, तिनं टाकला चंद्रपूर. मंग तालुक्याच्या यादीत धानोरा शोधू लागली. चिमूर दिसला, मूल दिसला, सिंदेवाही दिसला, धानोरा काही भेटेना. वर-खाली, वर-खाली. म्हणे, अगं माय, आपला धानोरा गेला कुठी? मी थोडा वेळ तिले शोधू देल्लं. खोटं काऊन सांगू, मजा येऊन राह्यली होती. मंग म्हणलं, बाई, तुम्ही चंद्रपुरात काय शोधता, आपण गडचिरोलीत राह्यतो.

तुमाले समजलं ना काय झालं? तिच्या शाळेच्या टीसीवर जिल्हा चंद्रपूरच लिहिला होता, तिच्या लहानपणी आपला जिल्हा वेगळा कुठी झाला होता? तोच समोर ठेवून टाकून राह्यली होती. आपल्या इथले म्हातारे अजून चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले, जातो म्हणते, जसं काही जिल्ह्याचं कामच आहे तिथी. पोराइले हीच बाई रोज सांगे, जुना दाखला असन तं जिल्हा पाहून टाका. अन् स्वतः फसली. मले इतका आनंद झाला की मी टेबलावर हात मारला. तीबी हसली. पदर तोंडाले लावून हसली, अन् म्हणाली, म्हणूनच तं आली तुमच्याकडे.

मंग फोटो पाहिजे होता. तो मीच काढला. या फोटोमागचा निळा पडदा ओळखू येते का तुमाले? माझ्या दुकानातला आहे. ती हसू दाबून राह्यली आहे, पा नीट. धानोरा सापडल्यावरचा फोटो आहे तो. आज फुलं वाहताना तुमाले वाटलं असन, बाई किती शांत दिसते. शांत-बिंत काही नाई. हसू दाबते ती.

अर्ज गेला. पावती निघाली. मी म्हणलं, झालं बाई. तं म्हणे, झालं ना. अन् उठली नाई. मले वाटलं पाणी पाहिजे, पाणी देल्लं. पाणी पेली अन् बाकावर सरकली. मी म्हणलं, बाई, तुमचं झालं. ती म्हणाली, पुढचं येईपर्यंत बसतो ना.

भाऊ हो, माझ्या दुकानात. काम झाल्यावर. माणूस बसला.

पुढचं कोणी लवकर आलंच नाई, माझं दुकान ते. आम्ही दोघं बसून राह्यलो, कूलर चालून राह्यला. तवा ती बोलली. म्हणाली, याकूबभाऊ, तुमच्याकडलं पोरगं पटकन मोकळं होते, मले तुमचा लय हेवा वाटे. माझ्याकडे एखाद्या पोरीची बस गेली की ती माझ्या घरी राहे, अन् तिच्या गावाले रेंज नसे, तिच्या मायले रात्रभर माहीत नाई पोरगी कुठी आहे. मले वाटे, आपण याकूबभाऊसारखं झपाट्यानं काऊन नाई करत? मले तुमच्यासारखे हात पाहिजे होते, म्हणाली.

तिले माझा हेवा. मी घरी जाऊन बायकोले सांगितलं तं तिले खोटं वाटलं.

मंग एक माय-लेक आल्या, पोरीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. बाई त्या पोरीजवळ बसली, तिचं होईपर्यंत. मंग उठली, रस्ता ओलांडून गेली. त्याच्यानंतर ती कॉलेजात जाऊन राह्यली होती, तुम्ही सगळ्याइनं पाह्यलं. खांद्याले पिशवी, पोराइच्या संग गेटातून आत. मी काउंटरवरून पाहू. त्याच्यावरबी जळलो मी. मले कोणी बीए कराले नाई म्हणलं होतं का? पण मले सुचलं नाई, तिले सुचलं.

अन् मंग ताप आला. आपल्या भागाले ताप काही नवा नाई, येते अन् जाते. हा मेंदूवर चढला. गडचिरोलीले नेलं, तिथून नागपूरले नेऊन राह्यले होते. पोचली नाई. मले कोणी तरी दुकानात येऊन सांगितलं अन् मी समोर पाह्यलं, तं शटर बंद, अन् शटरसमोर पोरं खाली बसलेले.

काही जण मले विचारते, बाईची स्कॉलरशिप मंजूर झाली का? नाई झाली. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर पडून आहे, तपासणी बाकी म्हणून दाखवते. जिनं इतक्या पोराइचं वर्ष वाया जाऊ देल्लं नाई, तिच्या अर्जाले अजून कोणी हात लावला नाई. मी रोज उघडून पाहातो. मले राग येते. बस, इतकंच बोलतो त्याच्यावर.

आता शेवटचं. या आठवड्यात तिच्याकडचे सगळे पोरं माझ्याकडे येऊन राह्यले. रांग, भाऊ हो. रस्त्यापर्यंत रांग, माझ्या दुकानासमोर. इतके वर्ष जी मी मागत होतो ती. मी पहिल्या पोरीचा अर्ज झपाट्यानं भरला, पावती देल्ली, म्हणलं, झालं बेटा. ती उठली नाई. बाकावर सरकली अन् पुढच्याले म्हणाली, ये, बस. मंग त्याच्या पुढच्याजवळ तो बसला. कोणी मले विचारलं नाई. कोणी सांगितलं नाई. दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, कूलर माझा, बाक माझा, अन् राज्य तिचं. मेल्यावरबी बाईनं मले सोडलं नाई. अन् मी काय केलं सांगू? त्या दिवशी कीबोर्ड त्याइच्याकडे सरकवला.

प्रमिलाबाई, मी अजून जळून राह्यलो. तुमच्या फोटोपुढं खोटं बोलत नाई. तुम्ही आणखी थोडे दिवस राहाले पाहिजे होतं. तुमच्यावर जळाची मले सवय झाली होती, आता सकाळी शटर वर करून मी पाहू कोणाकडे?

रिवाज असा आहे की आता सगळ्याइनं उभं राहाचं अन् शांत राहाचं. दिलीपभाऊ, माफ करा, आज मी उभे राहा म्हणणार नाई. आज बसून राहा. बाजूले जो आहे, ओळखीचा असो नसो, त्याच्यासाठी थोडं सरका, त्याच्याजवळ बसा. रस्त्यावर उभे आहेत त्याइले आत घ्या, जागा होते. बाईचं झालं. आपण उठाचं नाई.

माझंबी बोलून झालं. माझ्यानंतर नगराध्यक्षबाई बोलणार आहेत. त्याइचं होईपर्यंत मी इथीच, त्याइच्या बाजूले बसतो.

जय भीम, बाई.